खट्ट: जुन्या 325आयच्या डिफचे बुश धुळ्यात बदलताना

गाडी 2008 ची बीएमडब्ल्यू 325आय. ई90 पिढीतली, चेन्नईच्या कारखान्यात जुळवलेली. एका ओळीत सहा सिलिंडर, टर्बो नाही, 218 हॉर्सपॉवर, 250 न्यूटन मीटर टॉर्क. पुण्याहून सेकंडहँड आणली तेव्हा आमच्या तीर्थरूपांनी एवढंच विचारलं, ‘एवढ्या पैशात नवी गाडी येत नव्हती का?’ येत होती. पण ती पुढच्या चाकांवर चालणारी, आणि कन्नडच्या घाटात वळणातून बाहेर पडताना मागची चाकं गाडीला ढकलतात ती मजा तिच्यात नव्हती. हे वडिलांना समजावण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी गप्प बसलो.

आवाज सुरू झाला तो हळूहळू. चौकात थांबून निघालं की मागून खट्ट. पाय उचलला की पुन्हा खट्ट. रिव्हर्स टाकला की जरा मोठा. रेडिओ चालू असेल तर पुढे बसलेल्याला कळतही नसे. मागे बसलेला मात्र दर वेळी डिकीकडे वळून बघायचा. पुण्यातल्या एका वर्कशॉपने गाडी अर्धा तास फिरवून ‘प्रॉपशाफ्ट पूर्ण बदला’, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागे जोर नेणारा लांब दांडाच बदला, असं कागदावर लिहून दिलं. आकडा बघून मी चहा न घेताच निघालो. आकड्याहून जास्त खटकलं ते हे, की गाडीखाली कोणी वाकून बघितलंच नव्हतं.

जीप, सुमो, अँबेसेडर यांच्यात डिफरन्शिअल, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना वाटून देणारा दातचक्रांचा गोळा (थोडक्यात डिफ), मागच्या अ‍ॅक्सलच्या हाउसिंगमध्येच असतो. तो कशावर टांगायचा हा प्रश्नच येत नाही. चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या मागच्या ड्राइव्हच्या गाड्यांत डिफ वेगळा असतो आणि सबफ्रेमला, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी चौकटीला, रबरी बुशांवर (मध्ये बोल्टची नळी, भोवती रबर) बोल्ट केलेला असतो. या बुशांवर येणारा भार मनातल्या मनात मांडून बघा. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 250. पहिल्या गियरचं गुणोत्तर चारच्या आसपास, म्हणजे डिफमधल्या छोट्या दातचक्रापर्यंत, पिनियनपर्यंत, हजारेक न्यूटन मीटर पोचतात. क्राउन-पिनियन, म्हणजे मोठ्या आणि छोट्या दातचक्राची जोडी, त्याला आणखी तीनपटीहून जास्त वाढवतं आणि मग तो चाकांना जातो. चाकं जितक्या जोराने पुढे फिरतात तितक्याच जोराने डिफचं कवच उलटं फिरू बघतं. त्याचं नाक वर उचललं जातं. पाय उचलला की तेच नाक खाली. हे वरखाली होणं पोटात घालायचं काम त्या रबराचं. पंधरा-सोळा वर्षं ते काम करून, आणि त्यातले कित्येक उन्हाळे 43-44 अंशांत काढून, रबराने हात टेकले तर त्याला दोष देता येत नाही.

अर्थात हा तेव्हा माझा अंदाज होता. तसलाच खट्ट आवाज गिअरबॉक्सच्या मागची रबराची चकती फाटली तरी येतो, शाफ्टचा मधला बेअरिंग सपोर्ट गेला तरी येतो, सबफ्रेमचे बुश गेले तरी येतो आणि खुद्द क्राउन-पिनियनमध्ये ढिलाई आली तरी येतो. म्हणून गाडी आप्पांकडे नेली.

आप्पांचं गॅरेज धुळ्याबाहेर, मुंबई-आग्रा हायवेला लागून. बीएमडब्ल्यूचं नव्हे, ट्रकचं. मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना भेटतात, त्यामुळे इथे ट्रकचा हाड-वैद्य हवा तेवढा मिळतो. आप्पांनी कंप्युटर लावला नाही. त्यांच्याकडे तो नाहीच. गाडी पिटवर घेतली, चाकांना लाकडी ओंडके लावले आणि हँडब्रेक ओढला. मी मोबाइल व्हिडिओ चालू करून पिटमध्ये डिफकडे तोंड करून ठेवला. चालू गाडीखाली माणूस उतरवायचा नाही, हे आप्पांचं पक्कं. मग ब्रेक दाबून धरून ऑटो गिअर डी, आर, डी, आर. इंजिन बंद करून व्हिडिओ बघितला. शाफ्ट ठीक, मधला सपोर्ट ठीक. डिफ मात्र दर वेळी मान वर करून खाली टाकत होता आणि खाली येताना सबफ्रेमला टेकत होता. आप्पा स्वतः खाली उतरले, डिफ आणि सबफ्रेमच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून दाबली आणि खालूनच ओरडले, ‘भाऊ, हाई गोळा नुस्ता झोका खाई राहिना!’

निदान झालं. ते फुकट झालं हे लिहायला हवं, कारण पैसे विचारल्यावर आप्पा रागावले.

आता काय बसवायचं? या कामातला खरा विचार इथे आहे. पाने फिरवणं त्यापुढे सोपं.

पहिला पर्याय कंपनीसारखेच रबरी बुश. त्यांच्या रबरात मुद्दाम पोकळ्या सोडलेल्या असतात, म्हणजे बारीक कंपनं आतच जिरतात आणि केबिनमध्ये शांतता राहते. दुसरा पर्याय त्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचे तुकडे खुपसायचा. स्वस्त, डिफ न उतरवता होणारा. पण रबर धड असेल तरच. माझं रबर मधल्या नळीपासून सुटलेलं, त्यात तुकडे घालून उपयोग नव्हता. तिसरा, पूर्ण पॉलियुरेथेनचे बुश. चौथा, सरळ अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे, रबराचं नावच नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा मोह होतो. ‘ट्रॅकसाठी बनवलेलं’ असं लिहिलेलं असलं की आपल्यातला पोरगा जागा होतो. पण डिफचा धक्का नाहीसा होत नाही, पुढच्या मुक्कामाला जातो. बुशने घेतला नाही तर सबफ्रेम घेईल, तिने घेतला नाही तर बॉडीचा पत्रा. याच घराण्यातल्या आधीच्या पिढीत, ई46 मध्ये, सबफ्रेम जिथे बॉडीला बसते तिथला पत्राच तडकायचा, हे त्या गाड्यांच्या मालकांना चांगलं ठाऊक आहे. माझी गाडी वेगळी, मान्य. पण पारोळा-एरंडोलच्या रस्त्यावरचे खड्डे आणि डायव्हर्शन खाणाऱ्या गाडीत धातूवर धातू बसवायचा माझा धीर झाला नाही. शिवाय याच गाडीतून आई दर महिन्याला नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाते.

राहिलं पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू. त्याची कडकपणाची मोजणी शोअर ए या मापात करतात. रबरी बुश साधारण 50 ते 65, रस्त्यावरच्या गाडीसाठीचे पीयू 80 च्या आसपास, शर्यतीचे 95. पीयूबद्दल लोकांची मुख्य तक्रार करकरण्याची असते, आणि सस्पेन्शनच्या आर्मवर ती खरीही असते. तिथे बुशला सतत पीळ बसतो. चिकटवलेलं रबर स्वतः पिळतं, पीयू मात्र नळीवर घसरतं, ग्रीस संपलं की ओरडतं. डिफचा बुश असा फिरत नाही. त्याला फक्त दाब आणि ताण. म्हणून पीयू बसवायचंच असेल तर गाडीतली ही जागा त्याला सगळ्यात मानवणारी आहे, असं माझं मत आहे.

मध्येच एक फाटा फुटला. जळगावच्या एमआयडीसीत डाळ मिलच्या मशिनरीसाठी रबराचे आणि पीयूचे रोलर ओतून देणारे लोक आहेत. आमचं ठिबकच्या साहित्याचं दुकान असल्यामुळे तिकडे येणंजाणं असतं. त्यातल्या एकाला नमुना दाखवला. त्याने हातात घेऊन पहिलाच प्रश्न केला, ‘इस्टर की ईथर?’ माणूस जाणकार निघाला. इस्टर जातीचं पीयू तेलाला आणि घासण्याला दाद देत नाही, पण पाण्यात-दमटपणात वर्षानुवर्षं राहिलं की आतून विरघळायला लागतं. ईथरचं पाण्याशी जमतं, तेलाशी जरा कमी. डिफखाली दोन्ही असतं: पावसाळ्यात पाणी, आणि सील पाझरलं की तेल. तो ओतून द्यायला तयार होता, भावही मोडून सांगत होता. मी विचार करून नको म्हटलं. रोलर बिघडला तर मिल तासभर थांबते. इथे ताशी शंभरच्या वेगात डिफ सैल झाला तर थांबायला जागा नाही. बुश ब्रिटनहून मागवले, 80 शोअरचे, सोबत कंपनीचे नवे बोल्ट. कस्टमची पावती बघून आप्पा म्हणाले, एवढ्यात बैल आला असता.

बुश येईपर्यंतच्या काळात अवधान एमआयडीसीतल्या लेथवाल्या नानांकडे ओढायचं हत्यार करून घेतलं. जुना बुश सबफ्रेममध्ये दाबून बसवलेला असतो आणि सबफ्रेम गाडीलाच असते, त्यामुळे ती नेऊन प्रेसखाली ठेवता येत नाही. मग प्रेसच गाडीखाली न्यायचा. एका बाजूला स्टीलची वाटी, तिचा आतला व्यास बुशपेक्षा मोठा, म्हणजे बुश तिच्यात सरकत येईल. दुसऱ्या बाजूला जाड चकती, बुशच्या बाहेरच्या कड्यापेक्षा अर्धा मिलिमीटर लहान, म्हणजे ती कड्याला ढकलेल पण सबफ्रेमला शिवणार नाही. दोन्हींतून आरपार 16 मिलिमीटरचा हाय टेन्साइल आट्यांचा रॉड. नानांनी आपणहून एक भर घातली: नट आणि चकतीमध्ये भंगारातलं एक थ्रस्ट बेअरिंग. ‘नाहीतर नट फिरवताना निम्मा जोर घासण्यात जातो आणि आटे चाटून जातात,’ ते म्हणाले. पुढे या बेअरिंगची किंमत कळली.

काम सुरू केलं ते सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. गाडी लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर), मागची चाकं काढलेली. आधी डिफचा तेल भरायचा प्लग ढिला करून बघितला. हा क्रम मोडू नये: भरायचा प्लग निघतो याची खात्री झाल्याशिवाय आतलं तेल काढायचं नाही. मग सायलेन्सरचा मागचा भाग उतरवला, त्याच्या वरचा उष्णतारोधक पत्रा काढला. पत्र्याचे दोन स्क्रू गंजून गोल झालेले, त्यांनी अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खाल्ला. प्रॉपशाफ्ट आणि पिनियनच्या फ्लँजवर पांढऱ्या रंगाने खूण केली, म्हणजे परत जसाच्या तसा बसेल आणि तोल बिघडणार नाही. शाफ्ट सोडल्यावर तारेने वर बांधला. डिफकडून चाकांना जाणारे दोन्ही ड्राइव्हशाफ्टही सोडवून तसेच बांधले. लोंबकळत ठेवले की सांध्यावरचं रबरी बूट फाटतं. ट्रकचा गिअरबॉक्स उतरवायचा जॅक डिफखाली लावला, बोल्ट काढले आणि गोळा हळूच खाली घेतला. चांगलाच जड, जॅकवरून उचलून बाकावर ठेवायला दोघं लागले.

माझ्या डिफला तेल सोडायचा प्लगच नाही, फक्त भरायचा. कंपनीच्या मते हे तेल गाडीच्या आयुष्याला पुरतं. बाहेर काढलेला डिफ तिरका करून ते ‘आयुष्यभराचं’ तेल ट्रेमध्ये ओतलं तर काळं, आणि उन्हात धरलं की त्यात चांदीची बारीक पूड चमकत होती. दात तपासले. घासणी एकसारखी, कुठे टवका नाही. पिनियनचं आणि बाजूची सील तेवढ्यात बदलून घेतली, कारण त्यांच्यासाठी पुन्हा हे सगळं उतरवणार कोण?

मग बुश. एकाचं रबर अर्ध्या गोलात फाटलेलं, फटीतून करंगळी आरपार जात होती, आणि मधली नळी कलंडून खाली बसलेली. आप्पांच्या हाताखालचा पोरगा गॅस कटरचं नळकांडं ओढत आणायला लागला. आप्पाही त्याच्याच बाजूचे: ‘गॅस लाव, दोन मिनिटमा निंघी जाई.’ ट्रकच्या पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश ते असेच जाळून काढतात, आणि उघड्यावर काढलेल्या पाट्यासाठी ते ठीकही आहे. पण इथे वीतभर पुढे, मागच्या सीटखाली, पेट्रोलची टाकी. मी नळकांड्यासमोर उभा राहिलो. थोडी बोलाचाली झाली. शेवटी आप्पांनी पोराला चहा आणायला पाठवलं, म्हणजे विषय मिटला.

नानांचं हत्यार लावलं. रॉडला ताण आला, नट फिरत राहिला, आणि सगळ्यात फाटका बुश ठण्णकन आवाज करून वाटीत आला. एक मात्र गंजाने धरून बसला. त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण ज्याला हे काम करायचं आहे त्याला हाच बुश भेटणार. आधी ड्रिलने रबराला चारी बाजूंनी भोकं पाडून मधली नळी मोकळी केली, उरलेलं रबर सुरीने सोललं. राहिलं फक्त बाहेरचं पत्र्याचं कडं. हॅकसॉचं पातं फ्रेममधून सोडवून त्या भोकातून आरपार घातलं, पलीकडून पुन्हा फ्रेमला जोडलं आणि आतून बाहेरच्या दिशेने कडं कापायला घेतलं. इथे घाई केली तर पातं कड्यातून सबफ्रेममध्ये उतरतं आणि तिथेच पुढे तडा जातो. म्हणून आप्पांनी करवत स्वतःकडे घेतली. दर चार-सहा फेऱ्यांनंतर ते थांबायचे, बोटाने चीर चाचपायचे, फुंकर मारून कीस उडवायचे. कड्याचा कागदासारखा पदर उरला तेव्हा करवत ठेवली, बारीक छन्नी चिरेत धरून कडं आतल्या बाजूला वळवलं. ताण सुटला तसं ते हाताने निघालं. सबफ्रेमवर ओरखडाही नव्हता. ट्रकवाला म्हणून या माणसाला पुण्याच्या त्या चकचकीत वर्कशॉपने दारात उभं केलं असतं की नाही, कुणास ठाऊक.

नवे बसवायला जुन्याच्या मानाने काहीच वेळ लागला नाही. भोकं पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली, सोबत आलेलं चिकट ग्रीस लावलं, दोन अर्धुकं दोन बाजूंनी दाबली आणि मध्ये स्टीलची नळी सरकवली. एकच गोष्ट मुद्दाम तपासायची: नळी पीयूपेक्षा केसभर लांब हवी. बोल्ट आवळला की त्याने धातूला धरलं पाहिजे. पीयू चेपून बसला तर तो पुढे सैल पडतो आणि बोल्टही. माझ्या सगळ्या नळ्या बरोबर निघाल्या.

डिफ वर चढवला, सगळे बोल्ट आधी हाताने लावले आणि मग टॉर्क रेंचने आवळले. रेंचचा कट् आवाज ऐकून पोरगा हसला. त्यांच्याकडे चार फुटी पाइप हाच टॉर्क रेंच. 75डब्ल्यू-90 सिंथेटिक तेल भोकातून बाहेर झिरपेपर्यंत भरलं, गाडी सपाट असताना. शाफ्टच्या खुणा जुळवल्या.

अंधार पडायच्या बेतात गाडी हायवेला काढली. डी टाकला. काही नाही. आर. काही नाही. खिडकीतून आप्पांनी विचारलं, ‘आते चूप बसना का नई?’ बसला होता.

पण एक दुसरा आवाज पाहुणा आला, आणि तो राहायलाच आला आहे. ताशी 60 ते 80 च्या मध्ये, पाय थोडा उचललेला असताना, मागून एक बारीक सूर ऐकू येतो. क्राउन-पिनियनचे दात एकमेकांत मिसळतात त्याचा. आधीही तो होताच, रबर त्याला आत येऊ देत नव्हतं. आई पहिल्यांदा बसली तेव्हा साक्री रोड ओलांडायच्या आत म्हणाली, ‘मागे काय बोअरची मोटर बसवलीस का रे?’ उपमा अगदी नेमकी होती. 95 शोअरचे घेतले असते तर ती गाडीतून उतरलीच असती. घरातली माणसं रोज बसत असतील आणि कंपनीचे रबरी बुश मिळत असतील, तर मी आजही रबरीच घ्या म्हणेन. नवं रबर असताना ही गाडी काही वाईट चालत नव्हती.

मग मी पीयू का ठेवले? त्याचं उत्तर चाळीसगावच्या पुढे मिळतं. औट्रम घाटात दुसऱ्या गियरमध्ये वळण घेताना आधी एक्सलरेटर दाबला की क्षणभर काहीच व्हायचं नाही. तेवढ्यात डिफ मान वर करायचा, बुश चेपायचा, आणि मग एकदम ढकल यायची. त्या झटक्याने वळणाच्या मध्यात गाडीची शेपूट किंचित हलायची आणि स्टिअरिंग सावरावं लागायचं. आता पाय आणि चाक यांच्यात ती पोकळी नाही. वळणात पाय कमी-जास्त करत गाडीची रेषा बदलता येते, आधी फक्त स्टिअरिंगने बदलता यायची. ऑटो गिअरबॉक्ससुद्धा पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना झटका देईनासा झाला. तो दोष मी उगाच गिअरबॉक्सच्या माथी मारत होतो.

थोडे दिवस चालवून बोल्ट पुन्हा रेंचने तपासले, एकही हलला नव्हता. सील कोरडी. आता गिअरबॉक्सच्या मागची रबराची चकती कडेने भेगाळलेली दिसते आहे. आवाज करत नाही, पण डिफ ताठ झाल्यावर पुढचा धक्का तीच खाते. तिची ऑर्डर टाकली आहे. नानांचं हत्यार आप्पांकडेच आहे. नंदुरबारहून कोणीतरी 320डी घेऊन त्यांच्याकडे येऊन गेला म्हणे, तसाच खट्ट आवाज, आणि आप्पांनी त्याला आधी मोबाइल पिटमध्ये ठेवायला सांगितलं.